रंगाला भुलू नका, फूटपट्टी काढा

भारतीय रेल्वेच्या डब्यांच्या चालत्या प्रतिकृती आता खोक्यातून काढून थेट रुळावर ठेवता येतील अशा मिळू लागल्या आहेत. पूर्वी हौशी माणसाला पुठ्ठा, फेव्हिकॉल आणि भरपूर सुट्ट्या यांवर भागवावं लागे. पुण्यात भाऊसाहेब जोशींच्या लघुरेल्वे संग्रहालयानं १९९८ पासून अनेक मराठी घरांत या छंदाची गोडी पोहोचवली, पण आपल्या स्थानकात उभा राहणारा डबा घरच्या टेबलावर आणणं सोपं नव्हतं. आता डबा मिळतो. तो खरा किती, हे मात्र तपासावं लागतं.

ही तपासणी धाराशिव जिल्ह्यातून करण्याला कारण आहे. या जिल्ह्यानं दोन गेज पाहिली. बार्शी लाईटची अडीच फुटी गाडी येडशी, ढोकीवरून शंभर वर्षं धावली आणि २००७-०८ मध्ये त्याच पट्ट्यात ब्रॉडगेज आलं. जुना मार्ग जिल्ह्याचं गाव बाजूला ठेवून जात होता, नवा मार्ग वळवून धाराशिवला आणला गेला. या दोन्ही गाड्या टेबलावर मांडायला बसलं की बाजारातली गंमत लक्षात येते. ब्रॉडगेजचा डबा मिळतो, पण त्याच्याखालचा रूळ खोटा असतो. नॅरोगेजचा रूळ जवळपास खरा मिळतो, पण त्यावर ठेवायला डबा नाही.

आधी ब्रॉडगेज. जगात सर्वाधिक चालणारं प्रमाण एचओ, म्हणजे १:८७. त्याचा रूळ १६.५ मिलिमीटर रुंदीचा. हा हिशेब युरोप-अमेरिकेच्या १४३५ मिलिमीटर गेजसाठी बांधलेला आहे. आपलं ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटरचं. त्याला एचओमध्ये १९.२ मिलिमीटर रूळ हवा, आणि तसा रूळ दुकानात मिळत नाही. त्यामुळे भारतीय डब्याची प्रत्येक एचओ प्रतिकृती प्रमाणापेक्षा चौदा टक्के अरुंद रुळावर उभी असते. बाजूनं पाहिलं तर हे कळत नाही. गाडी समोरून येताना पाहा, रुंद देहाखाली चाकं आत ओढलेली दिसतात. इंग्लंडात रूढ असलेल्या ओओ प्रमाणात (१:७६) हा दोष आणखी वाढतो, कारण तिथे रूळ तोच आणि डबा मोठा. हा दोष कुणा एका उत्पादकाचा नाही. त्यापायी डबा नाकारायचा तर छंदच सोडावा लागेल. म्हणून रुळाचं खोटं मान्य करावं आणि डब्याकडे वळावं.

डब्याची पहिली कसोटी लांबी-रुंदीची. आपल्याकडे मुख्य जाती दोन. स्विस कंपनीच्या सहकार्यानं १९५५ मध्ये पेरांबूरला सुरू झालेल्या कारखान्याचा आयसीएफ डबा आणि २००० च्या सुमारास जर्मनीतून आलेला एलएचबी डबा. आयसीएफचा देह २१,३३७ मिलिमीटर लांब, म्हणजे एचओत २४५ मिलिमीटर. एलएचबी २३,५४० मिलिमीटर, म्हणजे एचओत २७०. रुंदी दोन्हींची साधारण ३७ मिलिमीटर भरते. युरोपचे नेहमीचे लांब डबे मात्र चांगले ३०३ मिलिमीटर लांब आणि अवघे साडेबत्तीस मिलिमीटर रुंद असतात. त्यांना निळा किंवा लाल रंग देऊन ‘भारतीय’ म्हणून विकलं की पाच मिलिमीटरची चोरी होते. धाराशिवच्या फलाटावरचा डबा अंगानं भरदार दिसतो, हा रंगवलेला पाहुणा सडपातळ. रंग कितीही अचूक असला तरी ही उणीव झाकत नाही.

दुसरी कसोटी अधिक बारीक आणि माझ्या मते सर्वांत उपयोगी आहे. डब्याच्या दोन चाकसंचांच्या, म्हणजे बोगींच्या, मध्यबिंदूंमधलं अंतर आयसीएफमध्ये १४,७८३ मिलिमीटर आणि एलएचबीत १४,९०० असतं. जवळजवळ सारखंच. पण एलएचबीचा देह सव्वादोन मीटरनं लांब. ही जादा लांबी कुठे जाते? बोगीपलीकडच्या टोकांना. म्हणून एलएचबी डब्याची टोकं खूप बाहेर आलेली दिसतात, एचओत जवळपास पन्नास मिलिमीटर, तर आयसीएफची अडतीसच्या आत. काही उत्पादक आयसीएफचाच साचा राजधानीच्या लाल-करड्या रंगात रंगवून एलएचबी म्हणून देतात. बोगीच्या मध्यापासून टोकापर्यंत फूटपट्टी लावली की हे उघडं पडतं. शिवाय आजच्या एलएचबी डब्याला टोकाला बाजूचे गोल बफर नसतात. प्रतिकृतीला ते दिसले तर मोजायचीही गरज नाही.

तिसरी कसोटी खालच्या अंगाची. आयसीएफच्या बोगीत स्प्रिंगच्या आत तेलाची नळकांडी असतात आणि चाकावर ब्रेकचे ठोकळे घासतात. एलएचबीची फियाट बोगी वेगळ्या घडणीची, तिचे ब्रेक आसावरच्या तबकड्यांवर लागतात. स्वस्त प्रतिकृतीत दोन्ही डब्यांखाली एकच बोगी असते. उत्पादकाला ती एकदा ओतून भागवायची असते. पण डबा खरा वाटतो तो बऱ्याच अंशी बोगीमुळे, आणि इथे काटकसर केलेला डबा मला खेळण्याच्या वर जाताना दिसत नाही.

छताकडे तर समीक्षकही दुर्लक्ष करतात. फलाटावर आपण डब्याची बाजू पाहतो, टेबलावर मात्र आधी छत दिसतं. बिनवातानुकूलित आयसीएफच्या छतावर हवेशीर जाळ्यांची रांग हवी, वातानुकूलित एलएचबीच्या दोन्ही टोकांना शीतयंत्राचे उंचवटे हवेत. थ्रीडी छपाईनं काढलेल्या छोट्या खेपांतल्या डब्यांत छताच्या गोलाईवर थरांच्या रेषा दिसतात, त्या घासून काढलेल्या नसतील तर पैसे वाया. खिडकीच्या गजांचा प्रश्न याच जातीचा. बोटभर जाडीचा गज एचओत पाव मिलिमीटरहून बारीक होतो. साच्यात तो जाडजूड येतो आणि स्लीपरचा डबा तुरुंगासारखा दिसू लागतो. पारदर्शक काचेवर छापलेले गज अधिक खरे वाटतात.

अक्षरांतली चूक दुरुस्त करता येते, म्हणून ती शेवटी धरतो. डब्याच्या क्रमांकाचे पहिले दोन आकडे बांधणीचं वर्ष सांगतात. आयसीएफ कारखान्यानं या जुन्या जातीचे डबे २०१८ च्या जानेवारीत थांबवले. तेव्हा आयसीएफ प्रतिकृतीवर २१ नं सुरू होणारा क्रमांक असेल तर तो डबा कधी जन्मलाच नाही. एलएचबीच्या संकेताक्षरांपुढे ‘एल’ असतो, आयसीएफच्या नसतो.

एक सवलत मात्र द्यावी लागते. आपल्या ब्रॉडगेजवर सर्वांत कडक वळणाची त्रिज्या १७५ मीटर, एचओत दोन मीटर. घरच्या संचातलं वळण चाळीस सेंटिमीटरच्या आसपास. त्यावर २७० मिलिमीटरचा डबा वळवायचा तर दोन डब्यांतली फट वाढवावी लागते, पायऱ्या आत घ्याव्या लागतात. या तडजोडी समजून घ्याव्यात. साच्याची लबाडी समजून घेऊ नये.

ही लबाडी केवळ आपल्याकडची नाही. ब्रिटनमधल्या हॉर्नबी कंपनीनं १९७० च्या दशकात ब्रिटिश रेल्वेचा मार्क ३ डबा काढला, तो आखूड होता आणि त्यात आठाऐवजी सातच खिडक्या होत्या. रोको, फ्लाइशमन अशा युरोपीय कंपन्या वळणाच्या सोयीसाठी वर्षानुवर्षं लांबी १:१०० किंवा १:९३.५ नं कापत आल्या. पुढे हॉर्नबीनंही पूर्ण लांबीचा मार्क ३ काढला. खिडक्या मोजणारे गिऱ्हाईक तिथे पुरेसे आहेत. आपल्याकडे ते अजून तयार व्हायचे आहेत.

आता बार्शी लाईट. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज अभियंत्यानं १८९७ मध्ये कुर्डुवाडी ते बार्शी ही ७६२ मिलिमीटर गेजची लाईन सुरू केली. १९०७ मध्ये ती निजामाच्या हद्दीत तडवळ्यापर्यंत आली आणि १९११ मध्ये लातूरला पोहोचली. दुसरीकडे १९०६ मध्ये पंढरपूर आणि १९२७ मध्ये मिरज जोडलं गेलं. आसावर पाच टनांहून अधिक भार पडू द्यायचा नाही, पण सांगाडा दाबीव पोलादाचा आणि गेजच्या मानानं रुंद ठेवायचा, ही त्याची युक्ती. त्याच्या मालडब्यांचा नेहमीचा सांगाडा पंचवीस फूट लांब, सात फूट रुंद, म्हणजे रुळाच्या जवळपास तिप्पट. या रुंदीमुळेच बार्शी लाईट इतर छोट्या गाड्यांसारखी दिसत नाही.

७६२ मिलिमीटर गेजला एचओत पावणेनऊ मिलिमीटर रूळ हवा, आणि नऊ मिलिमीटरचा रूळ जगभर तयार मिळतो. चूक तीन टक्क्यांची. ब्रॉडगेजला जे भाग्य नाही ते बार्शी लाईटला आहे. कारण ऑस्ट्रियातल्या झिलरटालसारख्या लाईन ७६० मिलिमीटरच्या आहेत, आणि लिलिपुट, रोको या कंपन्या त्यांचे डबे नऊ मिलिमीटर रुळावर चालतील असे करतात. चालण्यात ते उत्तम. पण टोकाला उघडे सज्जे आणि डोंगरी थंडीसाठी काचेच्या खिडक्या असलेला तो डबा पंढरीच्या वारीला निघालेला वाटत नाही. इंग्लंडातली पेको कंपनी लिंटन-बार्नस्टेपल लाईनचे १८९७ च्या घडणीचे डबे तयार विकते. वर्ष बार्शीचंच, पण प्रमाण १:७६ आणि मूळ गेज दोन फुटांहूनही कमी.  थोडक्यात, बार्शी लाईटचा खराखुरा तयार डबा मला बाजारात दिसत नाही.

म्हणून निकाल असा. धाराशिवची आजची गाडी मांडायची असेल तर भारतीय साच्यातला आयसीएफ डबा निर्धास्त घ्यावा. एलएचबी घेताना टोकाचं माप आधी विक्रेत्याकडून मागवावं. युरोपीय डब्यावर चढवलेला भारतीय रंग फुकट मिळाला तरच ठेवावा.

बार्शी लाईटसाठी उत्पादकांची वाट पाहण्यात अर्थ नाही. थ्रीडी छपाईत शंभर डब्यांची खेपही परवडते, अडतं ते मापांपाशी. कुर्डुवाडीच्या कारखान्यात या लाईनची दुरुस्ती झाली. जुनी रेखाचित्रं कुठे असतील तर मध्य रेल्वेनं ती खुली करावीत. आणि येडशी, ढोकी, कळंब, बार्शीत ज्यांच्या घरी या गाडीचे जुने फोटो आहेत, किंवा शेतात, अंगणात एखादा जुना डबा पडून आहे, त्यांनी तो भंगारात देण्याआधी त्याची लांबी, रुंदी, खिडक्यांची उंची आणि चाकांमधलं अंतर तेवढं लिहून ठेवावं.