‘सिद्ध झालं नाही’ म्हणजे ‘निर्दोष’ नव्हे: डीएस २४३ चा रिपोर्ट कसा वाचायचा

कल्याण ते बदलापूर लोकलने जाणाऱ्याला एक जुना विनोद ठाऊक असतोच. ‘मेड इन यूएसए’ म्हणजे काय, तर ‘उल्हासनगर सिंधी असोसिएशन’! दंतकथा म्हणूनच घ्या. पण हसून झाल्यावर एक प्रश्न उरतो: वस्तू ‘कुठली’ आहे हे ठरवतं कोण? आपल्याला वाटतं, त्यात काय ठरवायचं, जिथे बनली तिथली. आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या कायद्यात मात्र वस्तूचा मूळ देश ठरवावा लागतो, आणि तो ठरवण्याच्या नियमांवरून देश एकमेकांशी भांडतात.

असंच एक भांडण भारताने अमेरिकेविरुद्ध जागतिक व्यापार संघटनेत नेलं होतं. प्रकरण क्रमांक डीएस २४३. जानेवारी २००२ मध्ये भारताने सल्लामसलतीची मागणी केली, २० जून २००३ ला पॅनेलचा रिपोर्ट आला आणि २१ जुलैला तो स्वीकारला गेला. भारत हरला. आज या रिपोर्टचं परीक्षण करायचं आहे, कारण पुरावा आणि निष्कर्ष यांचं नातं शिकायला इतका चांगला मजकूर क्वचित मिळतो. कायदा शिकलेला नसाल तरी चालेल. माझंही पदव्युत्तर शिक्षण रसायनशास्त्रात झालंय.

आधी भांडण कशावरून होतं ते बघू. त्यासाठी आपलाच परिसर घ्या आणि क्षणभर समजा की इथलं प्रत्येक गाव वेगळा देश आहे. भिवंडीला सुती कापड विणलं. अंबरनाथला ते रंगवलं आणि छापलं, त्यासाठीची रसायनं बदलापूरहून आली. मग ते उल्हासनगरला कापून शिवलं. आता माल अमेरिकेला निघाला. लेबलवर काय लिहायचं?

अमेरिकेचा नियम १ जुलै १९९६ पासून असा: पँट शिवली असेल, तर जिथे पूर्ण शिवली तिथली, म्हणजे उल्हासनगरची. पण त्याच कापडाची चादर शिवली, तर जिथे कापड विणलं तिथली, म्हणजे भिवंडीची! अंबरनाथच्या रंगाईला काहीच श्रेय नाही. बदलापूरच्या रसायनांचा तर प्रश्नच येत नाही.

यात नुकसान काय? त्या काळी कापडाच्या व्यापारात देशवार कोटा होता. तो १ जानेवारी २००५ ला संपला. चादर ‘भिवंडीची’ ठरली की ती भिवंडीच्या कोट्यातून वजा होणार, मग शिवणारा कोणीही असो. भारताचं दुखणं नेमकं हेच होतं. भारतातून ग्रे कापड, म्हणजे कोरं कापड, दुसऱ्या देशात जायचं, तिथे त्याची चादर व्हायची, आणि अमेरिकेत पोचल्यावर ती भारतीय मोजली जायची. असं असेल तर तो दुसरा देश भारताचं कापड घेईलच कशाला?

यात आणखी एक पदर आहे. चिनी रेशमावर इटलीत छपाई झालेला स्कार्फ या नियमाने ‘चिनी’ ठरू लागला. युरोपने १९९७ मध्ये तक्रार केली, तडजोड झाली आणि २००० साली अमेरिकेने कायदा बदलला. ठराविक मालात रंगाई, छपाई आणि शिवाय दोन फिनिशिंग प्रक्रिया झाल्या असतील, तर जिथे हे सगळं झालं तो मूळ देश. म्हणजे अंबरनाथला न्याय मिळाला म्हणायचा? रेशमी स्कार्फ असेल तर हो. सुती चादर असेल तर नाही. लोकर, सूत किंवा वजनाने १६ टक्के वा अधिक सूत असलेलं मिश्रण यांपासून बनवलेल्या वस्तूंना त्या सवलतीतून वगळलं होतं. तेव्हा सुती चादर पुन्हा भिवंडीचीच.

भारताचा आरोप तीन भागांत होता. मूळ देशाच्या नियमांबाबतच्या करारातलं कलम २ बघा. उपकलम ‘ब’ म्हणतं, हे नियम व्यापारी हेतू साधायचं साधन होऊ नयेत. ‘क’ म्हणतं, नियमांनी स्वतःच व्यापारावर निर्बंध आणणारे किंवा तो विस्कळीत करणारे परिणाम घडवू नयेत. ‘ड’ म्हणतं, सदस्य देशांमध्ये भेदभाव नको. पॅनेलने तिन्हींवर एकच सांगितलं: नियम कराराशी विसंगत असल्याचं भारताला सिद्ध करता आलं नाही.

हे वाक्य नीट वाचा. अमेरिकेचे नियम कराराशी सुसंगत आहेत, असं पॅनेल म्हणत नाही. पाण्याच्या तपासणीचा रिपोर्ट पाहिला असेल, तर त्यात शिशासमोर कधी ‘बीडीएल’ लिहिलेलं असतं. म्हणजे उपकरणाच्या ओळखण्याच्या मर्यादेखाली. वालधुनीच्या पाण्याच्या नमुन्यावर बीडीएल आलं म्हणून कोणी ‘नदीत शिसं नाही’ असं लिहिलं, तर आपण लगेच त्याला पकडू. डीएस २४३ चा निकाल हा कायद्यातला बीडीएल आहे. सिनॉप्सिसमध्ये ‘डब्ल्यूटीओने अमेरिकेचे नियम वैध ठरवले’ असं लिहू नका.

रिपोर्टची ताकद कशात आहे? शिस्तीत. प्रत्येक उपकलमासाठी पॅनेल विचारतं, इथे नेमकं काय सिद्ध करायचं आहे? ‘क’ मध्ये ‘घडवणे’ हे क्रियापद आहे, म्हणून नियम आणि परिणाम यांत कार्यकारणसंबंध दाखवावा लागेल, असं ते म्हणतं. नियम आला आणि व्यापार घसरला, एवढ्याने भागत नाही. कोट्यामुळे घसरला की मागणी कमी झाली म्हणून? विज्ञानात आपण ज्याला कंट्रोल म्हणतो, तेच पॅनेल मागतंय. या मुद्द्यावर मला पॅनेलचं पटतं.

कमकुवत बाजू दोन. पहिली ही की पॅनेल मोजणी मागतं, पण मर्यादा सांगत नाही. किती घट झाली म्हणजे ‘विस्कळीत’ म्हणायचं? हे न सांगता पुरावा अपुरा ठरवणं म्हणजे उपकरणाची मर्यादा न छापता बीडीएल लिहिणं. करारातच आकडा नाही, पॅनेलने तो कुठून आणायचा, हा बचाव रास्त आहे. तरी निदान कोणत्या प्रकारचा डेटा चालला असता, हे पुढच्या तक्रारदारासाठी अधिक स्पष्ट करता आलं असतं.

दुसरी बाजू मला जास्त खटकते. ‘ड’ मधला भेदभाव म्हणजे एकाच मालाबाबत देशादेशांत केलेला फरक, एकमेकांशी जवळचं नातं असलेल्या मालांमधला फरक त्यात येत नाही, असं पॅनेलने धरलं. अक्षरशः वाचलं तर ठीक. पण सवलत द्यायची तर देशाचं नाव कशाला घ्यायचं? एका देशाचा मुख्य माल रेशमी, दुसऱ्याचा सुती. रेघ रेशीम आणि सुतात मारली की काम झालं! भेद मालात दिसतो, फटका देशाला बसतो. कलमाच्या अशा वाचनाने नेमकी हीच पळवाट झाकली जात नाही. ‘त्यांचं वाचन कलमाच्या शब्दांत बसतं, पण हेतूत बसतं का?’ हा थिसिसचा प्रश्न होऊ शकतो.

हे जुनं प्रकरण आज कशाला, असं विचाराल. तर कलम २ हे मुळात संक्रमणकाळासाठी होतं. सगळ्या देशांचे नियम एकसारखे करायचं काम १९९५ मध्ये सुरू झालं, ते तीन वर्षांत संपवायचं होतं. अजून संपलेलं नाही. दरम्यान आपल्याकडे २१ सप्टेंबर २०२० पासून ‘कॅरोटार’ नियम लागू झाले. मुक्त व्यापार करारातली शुल्कसवलत घेणाऱ्या आयातदाराला आता माल खरोखर त्या देशातला असल्याची माहिती स्वतःजवळ ठेवावी लागते. नुसतं प्रमाणपत्र पुरत नाही, आणि ती कागदपत्रं पाच वर्षं सांभाळायची. म्हणजे परदेशातून झिप किंवा कापड मागवणाऱ्या उल्हासनगरच्या छोट्या शिलाईवाल्यावरही पुराव्याचा तोच भार आलाय, जो २००३ मध्ये भारत सरकारला पेलला नाही.

म्हणून रिपोर्ट वाचायला घ्याल तेव्हा शेवटचं पान आधी उघडू नका. कागदावर तीन रकाने आखा: काय सिद्ध करायचं होतं, कोणी करायचं होतं, आणि कशाने झालं असतं. डीएस २४३ मध्ये पहिले दोन चटकन भरतात. तिसरा बराचसा रिकामा राहतो, आणि तुमच्या संशोधनाला जागा तिथेच आहे.