युद्धकालीन छायाचित्रांतील जर्मन चिन्हे व गणवेश : पुराव्याचे वाचन आणि त्याच्या मर्यादा

प्रास्ताविक

संस्थांचा स्थानिक इतिहास लिहिताना जुन्या छायाचित्राचा उपयोग बहुधा मजकुराची शोभा म्हणून केला जातो. स्मरणिकेत छायाचित्र छापले जाते, त्याखाली एक ओळ दिली जाते आणि पुढे ती ओळच पुरावा ठरते. प्रत्यक्ष छायाचित्रात काय दिसते, याचे वाचन क्वचितच होते. जर्मन गणवेश वा वाहने असलेल्या छायाचित्रांबाबत हा दोष अधिक ठळकपणे जाणवतो.

अमरावती-अकोल्याच्या अभ्यासकांना हा विषय दूरचा वाटण्याचे कारण नाही. वैद्य बंधूंनी १९१४ मध्ये अमरावतीत स्थापन केलेल्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या चमूने १९३६ मध्ये ऑलिंपिकच्या निमित्ताने बर्लिन येथे कबड्डीसह भारतीय व्यायामप्रकारांची प्रात्यक्षिके सादर केली. नाझी जर्मनीच्या दृश्य इतिहासाशी वऱ्हाडाचा संबंध असा थेट येतो. म्हणूनच अशी छायाचित्रे कशी वाचावीत, हा येथील इतिहासलेखनाचाही प्रश्न आहे.

स्वस्तिक म्हणजे सैन्य नव्हे

१९३६ च्या बर्लिनमधील छायाचित्रात स्वस्तिक आणि गणवेशधारी माणूस एकत्र दिसला की ‘हिटलरचे सैनिक’ असे लिहिण्याचा मोह होतो. तो टाळला पाहिजे. सप्टेंबर १९३५ पासून स्वस्तिकध्वज हाच जर्मनीचा एकमेव राष्ट्रध्वज होता. साहजिकच तो क्रीडांगणापासून सार्वजनिक इमारतींपर्यंत सर्वत्र दिसतो. दंडावर स्वस्तिकाची रुंद पट्टी बांधलेला माणूस सामान्यतः पक्षाच्या एखाद्या संघटनेचा किंवा श्रमसेवेचा असतो. भूदलाच्या सैनिकाच्या अंगावरील स्वस्तिक लहान असते आणि ते छातीवरील गरुडाच्या पायांत असते. दंडावरची पट्टी आणि छातीवरचा गरुड यांतील हा भेद लक्षात न घेतल्यास क्रीडामहोत्सवाचे छायाचित्र युद्धाचे भासू लागते.

उलट बाजूने अतिशयोक्तीही घडते. कबड्डी हा १९३६ च्या ऑलिंपिकमधील अधिकृत प्रदर्शनीय खेळ होता, असे विधान वारंवार आढळते. त्या वर्षीचे अधिकृत प्रदर्शनीय खेळ बेसबॉल आणि ग्लायडिंग हे होते. मंडळाची कामगिरी मुळातच मोलाची आहे. तिला चुकीच्या ओळीच्या आधाराची गरज नाही.

चिन्हांची विश्वसनीयता

सर्व चिन्हे सारख्या वजनाची नसतात. जे चिन्ह प्रशासनाने सक्तीने लावलेले असते, ते सर्वाधिक विश्वासार्ह होय. वाहनाची क्रमांकपट्टी हे त्याचे उत्तम उदाहरण. पांढऱ्या पाटीवरील काळ्या अक्षरांत ‘डब्ल्यू-एच’ असल्यास वाहन भूदलाचे, ‘डब्ल्यू-एल’ असल्यास हवाई दलाचे, ‘डब्ल्यू-एम’ असल्यास नौदलाचे आणि ‘पी-ओ-एल’ असल्यास पोलिसांचे असते. याउलट वाहनाची बनावट फसवी असते. उत्तर आफ्रिकेत जर्मनांनी ब्रिटिशांचे पकडलेले ट्रक सर्रास वापरले; विशेषतः २१ जून १९४२ रोजी तोब्रुक पडल्यावर मोठा साठा त्यांच्या हाती आला. अशा ट्रकची ओळख बनावटीवरून नव्हे, तर त्यावर रंगवलेल्या जर्मन क्रूसावरून पटते.

हा क्रूस काळही सांगतो. १९३९ च्या पोलंड मोहिमेत जर्मन रणगाड्यांवर भरीव पांढरा क्रूस होता. शत्रूला नेम धरण्यास तो सोयीचा ठरल्याने त्याचे रूप बदलण्यात आले. शिरस्त्राणावरील तिरंगी ढालीचे चिन्ह १९४० मध्ये बंद झाले, तर १९४३ मध्ये एकसमान पद्धतीची पुढे छज्जा असलेली टोपी आली. अशा टोपीतील सैनिकाचे छायाचित्र १९४० च्या फ्रान्स मोहिमेतील असू शकत नाही, मग चित्रओळीत काहीही लिहिलेले असो.

काळा गणवेश आणि कॉलरवरील कवटी पाहून रणगाडा दलाच्या सैनिकाला एस.एस.चा मानण्याची चूक नेहमी होते. येथे गरुडाची जागा निर्णायक ठरते. भूदलात तो उजव्या छातीवर, तर वाफेन एस.एस.मध्ये डाव्या दंडावर असतो. भूदलाच्या सैनिकाच्या छातीवरील गरुड डावीकडे आणि पदके उजवीकडे दिसत असतील, तर निगेटिव्ह उलटी छापली गेल्याची शंका घ्यावी. कृष्णधवल छायाचित्रात पायदळाची पांढरी, रणगाडा दलाची गुलाबी व तोफखान्याची लाल किनार राखाडी छटांत मिसळते. त्यामुळे केवळ किनारीवरून दल ठरवणे धोक्याचे होय.

हॅम्बुर्गचा धडा

या तपशिलांना केवळ संग्राहकांचा छंद मानता येणार नाही. जर्मन सैन्याच्या गुन्ह्यांविषयी हॅम्बुर्ग येथील सामाजिक संशोधन संस्थेने १९९५ मध्ये भरवलेले फिरते प्रदर्शन १९९९ मध्ये मागे घ्यावे लागले. बोगदान मुसियाल आणि क्रिस्तियान उंगवारी या इतिहासकारांनी त्यातील काही छायाचित्रांची ओळख चुकल्याचे दाखवून दिले होते. काहींतील मृतदेह सोव्हिएत गुप्त पोलिसांच्या बळींचे होते, तर काहींतील सैनिक जर्मन नव्हतेच. तज्ज्ञ समितीने २००० मध्ये दिलेल्या निष्कर्षानुसार सुमारे १,४०० छायाचित्रांपैकी २० हूनही कमी तेथे गैरलागू होती आणि प्रदर्शनाचे मूळ प्रतिपादन योग्य होते. तथापि, तेवढ्या चुकांनी खऱ्या अत्याचारांविषयी संशय घेणाऱ्यांना आयते निमित्त मिळाले. २००१ मध्ये प्रदर्शन नव्या स्वरूपात मांडावे लागले.

चिन्ह आणि माणूस

चिन्ह अचूक ओळखले तरी वाचन पूर्ण होत नाही. फेब्रुवारी १९४४ मध्ये अटलांटिक किनाऱ्यावर रोमेल भारतीय सैनिकांची पाहणी करीत असल्याची छायाचित्रे प्रसिद्ध आहेत. त्या सैनिकांच्या उजव्या दंडावरील झेपावणारा वाघ आणि ‘फ्रायेस इंडियन’ ही अक्षरे पाहून ते सुभाषचंद्र बोस यांच्या प्रेरणेने उभारलेल्या लिजनचे, म्हणजेच जर्मन भूदलाच्या ९५० क्रमांकाच्या रेजिमेंटचे, असल्याचे सांगता येते. त्यांतील अनेक जण उत्तर आफ्रिकेत पकडलेले ब्रिटिश हिंदी सैन्यातील युद्धकैदी होते. परंतु एखादा सैनिक देशप्रेमाने तेथे आला, छावणीतील हलाखीला कंटाळून आला की सोबत्यांच्या आग्रहाने, हे बिल्ला सांगत नाही. त्याला ‘देशभक्त’ वा ‘फितूर’ ठरवणारी चित्रओळ पुराव्याच्या पुढे जाते. पलटण चिन्हावरून कळते. हेतू जाणण्यासाठी पत्रे, जबान्या आणि दप्तरेच तपासावी लागतात.

समारोप

अशा छायाचित्राचे वाचन सक्तीच्या चिन्हांपासून सुरू व्हावे. त्यानंतर काळाच्या मर्यादा ठरवाव्यात, मग स्थळ व प्रसंग तपासावा आणि चित्रओळ सर्वांत शेवटी विचारात घ्यावी. प्रचलित पद्धतीत हा क्रम नेमका उलटा आहे. पदव्युत्तर इतिहास विभागांनी संस्थांच्या संग्रहातील छायाचित्रांच्या नोंदी करताना मूळ ओळ, छायाचित्रामागील लेखन आणि अभ्यासकाचे अनुमान स्वतंत्र रकान्यांत नोंदवल्यास ही चूक पुष्कळ अंशी टळेल. एका संशयास्पद ओळीमुळे संपूर्ण संग्रहाची विश्वासार्हता डागाळते, हे हॅम्बुर्गने दाखवून दिले आहे. वऱ्हाडातील संस्थांनी जपलेला ठेवा अशा शंकेच्या छायेत जाऊ नये, यासाठी ही शिस्त आवश्यक आहे.