‘बॅकअप आहे’ हे ज्ञान की समजूत?

मंडळी, मागच्या व्याख्यानानंतर एका श्रोत्याने विचारलं, "सर, तत्त्वज्ञानाच्या माणसाने डेटाबेसच्या वाटेला का जावं?" अहो, तिथेही प्रश्न आपलाच आहे: आठवणीवर भरवसा किती ठेवायचा?

न्यायदर्शन स्मृतीला प्रमा मानत नाही. डेटाबेसही संगणकाच्या मेमरीवर विसंबत नाही. व्यवहार पक्का झाला असं सांगण्याआधी तो बदलाची नोंद लॉगमध्ये, म्हणजे डिस्कवरच्या नोंदवहीत, करून ठेवतो. मूळ पान मागाहून लिहिलं तरी चालतं. वीज गेली, सर्व्हर धाडकन बंद पडला, तरी वही उरते.

ती वही वाचायची कशी, हे सी. मोहन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९२ च्या ‘एरीज’ निबंधात मांडलं. तीन फेऱ्या. पहिलीत काय अर्धवट राहिलं ते शोधायचं. दुसरीत घडलेलं सगळं पुन्हा घडवायचं, अपुरे व्यवहारसुद्धा! तिसरीत ते अपुरे मागे घ्यायचे आणि मागे घेतल्याचीही नोंद करायची. मध्येच पुन्हा वीज गेली तर तेच काम दोनदा व्हायला नको. मला दुसरी फेरी फार आवडते. चूक निस्तरण्याआधी ती घडली तशी मांडायची, यात एक प्रामाणिकपणा आहे.

माझा आक्षेप गृहीतकावर आहे. डिस्कच गेली तर जुनी प्रत घ्या, तिच्यावर लॉग चढवा, असं निबंध सांगतो. पण प्रत आहे आणि ती धड आहे, हे तो धरून चालतो. ३१ जानेवारी २०१७ ला गिटलॅबमध्ये एका अभियंत्याच्या हातून भलत्याच सर्व्हरवरचा डेटा पुसला गेला. फायलीच गेल्यावर तीन फेऱ्या कशावर मारणार? रोजचा बॅकअप शोधला, तर नव्हताच! पोस्टग्रेस ९.६ आवृत्तीचा, बॅकअपचं साधन ९.२ चं, ते चालत नव्हतं आणि तसं कळवणाऱ्या ईमेल पोचत नव्हत्या. सुमारे सहा तासांपूर्वी दुसऱ्याच कामासाठी घेतलेली एक प्रत सापडली, म्हणून निभावलं. मधल्या तासांतलं गेलं ते गेलंच.

तोवर तिथेही ‘बॅकअप आहे’ असंच सगळे समजत असणार. ही समजूत झाली, ज्ञान नव्हे. प्रत दुसऱ्या यंत्रावर उतरवून, उघडून, नोंदी ताडून पाहणं, हेच इथलं प्रत्यक्ष प्रमाण. म्हणून शिक्षकांना माझी विनंती, तीन फेऱ्या शिकवून थांबू नका. आणि बाकीच्यांनी उद्या आपल्या वाचनालयात, पतपेढीत एवढंच विचारा: शेवटचा बॅकअप उघडून कधी पाहिला? तारीख सांगता आली, तर पुढचं बोलू.