‘येणे’, ‘जाणे’, ‘राहणे’ : मुंबईतील स्थलांतरितांच्या साहित्याविषयी

मुंबईत येऊन वसलेल्या कष्टकऱ्यांच्या साहित्याचा विचार करताना मराठी समीक्षा बहुधा एक सूत्र गृहीत धरून चालते. माणूस गावातून उखडला गेला, शहरात तो रुजला नाही, आणि या दुहेरी वियोगातून हे साहित्य जन्मास आले, असे ते सूत्र होय. सूत्र सोयीचे आहे यात शंका नाही. परंतु ते कितपत खरे आहे हे या साहित्याच्या आशयापेक्षा त्याच्या भाषेवरून अधिक नेमकेपणाने पारखता येते. त्यासाठी अवघड परिभाषेची आवश्यकता नाही. ‘येणे’, ‘जाणे’ आणि ‘राहणे’ ही तीन नित्याची क्रियापदे पुरेशी आहेत.

‘येणे’ आणि ‘जाणे’ यांत बोलणाऱ्याचे स्थान गर्भित असते. ज्या ठिकाणास तो आपले केंद्र मानतो त्या दिशेची गती म्हणजे ‘येणे’. तेथून दूर होण्याची गती म्हणजे ‘जाणे’. गणेशचतुर्थीच्या सुमारास कोकणातील गाव ‘चाकरमानी आले’ असे म्हणते. ‘चाकरमानी’ हा शब्द मुंबईत घडणाऱ्या नोकरीविषयीचा असला, तरी तो उच्चारला जातो गावाच्या अंगणात उभे राहून. ‘-कर’ या प्रत्ययाचीही हीच तऱ्हा आहे. जो गावी ‘मुंबईकर’ म्हणून ओळखला जातो, तोच मुंबईत आपल्या गावाच्या नावाने ओळखला जातो. माणूस जेथे उभा असतो तेथे त्याला दुसऱ्या ठिकाणचे नाव मिळते. येथे मूळ तुटल्याची खूण नाही. दोन ठिकाणी एकाच वेळी नांदण्याची व्यवस्था मात्र आहे.

‘राहणे’ या क्रियापदाचे दोन अर्थ तर याहून बोलके आहेत. ते ‘वस्ती करणे’ असा अर्थ देते आणि ‘मागे उरणे’ असाही देते. स्थलांतराची अवघी कथा या दोन अर्थांच्या अंतरात सामावलेली आहे.

या व्यवस्थेस भौतिक आधार होता. 1854 मध्ये कावसजी दावर यांनी मुंबईत कापडगिरणी स्थापन केली. 1856 मध्ये तिचे उत्पादन सुरू झाले आणि पुढील काही दशकांत परळ, लालबाग, शिवडी, वरळी या भागांत गिरण्यांची दाटी झाली. 1921 च्या जनगणनेत मुंबईतील दर पाच माणसांपैकी चारांहून अधिक माणसे शहराबाहेर जन्मलेली होती आणि स्त्रियांची संख्या पुरुषांच्या निम्म्याहून थोडीच अधिक होती. रत्नागिरी जिल्ह्यातून, ज्यात तेव्हा आजचा सिंधुदुर्गही अंतर्भूत होता, फार मोठा ओघ येत असे. एका खोलीत अनेक पुरुष पाळीपाळीने निजत, खाणावळीत जेवत आणि गावी मनिऑर्डर धाडीत. पुरुष शहरात ‘राहिला’ आणि स्त्री गावी ‘राहिली’. क्रियापद एकच, अर्थ मात्र दोघांच्या वाट्यास निरनिराळे आले.

अण्णा भाऊ साठे यांच्या ‘माझी मैना गावावर राहिली’ या छक्कडीचे बळ नेमके येथे आहे. तीत बोलणारा मुंबईत आहे. परंतु त्याच्या भाषेचे केंद्र गाव आहे. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात रचलेल्या या छक्कडीत घरी उरलेल्या पत्नीची प्रतिमा विस्तारत जाते आणि बेळगाव, कारवार, डांग, उंबरगाव हे दुरावलेले प्रदेशही त्या विरहात सामावले जातात. घरगुती विरहास राजकीय अर्थ देण्याचे हे सामर्थ्य ‘राहणे’ या क्रियापदाच्या द्व्यर्थातून आलेले आहे. तथापि ज्या स्त्रीच्या राहण्यावर ही रचना उभी आहे ती स्वतः तीत बोलत नाही, हेही नोंदविले पाहिजे. तिचा आवाज ऐकावयाचा तर जात्यावरील ओव्यांकडे वळावे लागते. छक्कड आणि ओवी यांना परस्परांची उत्तरे म्हणून एकत्र वाचण्याचे काम मराठी समीक्षेने अजून पुरते अंगावर घेतलेले नाही.

येथे एक आक्षेप संभवतो. गाव हे केंद्र मानावयाचे, तर ते कोणाचे? स्वतः अण्णा भाऊ वाटेगावच्या मातंग वस्तीतून बालपणी वडिलांसह पायी चालत मुंबईस आले. गावकुसाबाहेर ज्याचा जन्म झाला त्याला गावात ‘मूळ’ होते असे म्हणणे धाडसाचेच ठरेल. डॉ. आंबेडकरांनी 4 नोव्हेंबर 1948 रोजी घटनासमितीत खेड्याच्या गौरवावर जी कठोर टीका केली तिचे स्मरण या ठिकाणी अपरिहार्य आहे. उखडले जाण्याचे सूत्र हे मुळात गावात जमीन आणि मान असलेल्यांचे सूत्र आहे.

मात्र शहराने हे कूस पुसून टाकले असेही नव्हे. मामा वरेरकरांच्या ‘धावता धोटा’ या कादंबरीने गिरणी कामगाराचे जीवन मराठी वाचकांपुढे आणले. शीर्षकातील धोटा हा इकडून तिकडे जाऊन परतणारा, म्हणजे येरझारीचे चिन्ह होय. परंतु गिरणीतील प्रत्यक्ष धोट्याचा इतिहास अधिक कटू आहे. धोट्यातून सूत तोंडाने ओढून घ्यावे लागे आणि ते उष्टे होते या सबबीवर अस्पृश्य कामगारांना अधिक वेतनाच्या विणकाम खात्यापासून दूर ठेवले जाई. 1928 च्या संपाच्या वेळी डॉ. आंबेडकरांनी हा प्रश्न उभा केला. नामदेव ढसाळांच्या ‘गोलपिठा’त (1972) गावाची ओढ आढळत नाही आणि शहराचा गौरवही आढळत नाही, याचे कारण केवळ काव्यवृत्तीत नसून या दुहेरी कुसाच्या अनुभवात आहे.

नारायण सुर्वे यांच्या कवितेत क्रियापदांचे केंद्र पूर्णपणे बदलते. गंगाराम सुर्वे या गिरणी कामगाराने या अनाथ बालकास आपले नाव दिले. पुढे हे पालक कोकणात परतले आणि मुलगा मुंबईत राहिला. ‘राहणे’ या क्रियापदाचे दोन्ही अर्थ या एका वाक्यात एकवटले आहेत. सुर्व्यांना ‘जाण्या’साठी गाव नव्हते. ‘ऐसा गा मी ब्रह्म’ (1962) आणि ‘माझे विद्यापीठ’ (1966) या संग्रहांतील रस्ता, गिरणी, चाळ ही परक्या जगाची वर्णने नव्हेत. ते बोलणाऱ्याचे घर आहे. त्यांना स्थलांतरितांचे कवी म्हणण्यापेक्षा स्थलांतर जेथे समाप्त झाले तेथील कवी म्हणणे अधिक युक्त होईल.

हा बदल लोकभाषेने समीक्षकांपूर्वीच टिपला होता. गिरण्यांच्या परिसरास ‘गिरणगाव’ हे नाव मिळाले. ज्यांच्याविषयी गाव गमावल्याचे सांगितले जाते, त्यांनी शहराच्या मध्यभागी गाव वसविले आणि त्याला तसे नावही दिले. हा सामासिक शब्द म्हणजे उखडलेपणाच्या सूत्रावरील सर्वांत संक्षिप्त टीका होय.

म्हणूनच या साहित्यातील खरा वियोग कोणता याचा पुनर्विचार व्हावयास हवा. 18 जानेवारी 1982 रोजी सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले. त्यानंतर गिरण्या एकामागून एक बंद पडल्या आणि त्यांच्या जमिनींवर मॉल, कचेऱ्या आणि मनोरे उभे राहिले. जयंत पवार यांच्या ‘अधांतर’ नाटकातील कुटुंब या काळातील चाळीत जगते. त्यातील मुलांना परतण्याजोगे दुसरे केंद्र उरलेले नाही. त्यांच्या वडिलांच्या पिढीत निदान गावी जाण्याची भाषा शिल्लक होती. मुलांना ‘जाणे’ही नाही आणि ‘राहणे’ही नाही. शीर्षक या अवस्थेचे यथार्थ नाव आहे.

हा केवळ शब्दांचा वाद नव्हे. गिरणगावातील माणसास आपण पिढ्यान् पिढ्या ‘स्थलांतरित’ म्हणत राहिलो, तर 1982 नंतर त्याने जे गमावले त्याची मोजदादच होत नाही. कारण जो पाहुणा मानला गेला त्याचे घर मोडले असे कोणी म्हणत नाही. गाव सुटल्याचे दुःख या साहित्यात आहे, परंतु ते परतीच्या आशेने निवलेले दुःख आहे. निवारा नसलेले दुःख आहे ते शहर सुटल्याचे. ज्या समीक्षेस हे दिसत नाही, ती या लेखकांची करुणा वाखाणते आणि त्यांचा हक्क मात्र नाकारते. त्यांनी कोठून आलो हे पुष्कळ सांगितले. पण आपण येथे राहतो, हे त्याहून अधिक ठामपणे सांगितले आहे.