चौक राहिला, घरं बदलली

चार्ल्स कोरिया यांच्या ‘द न्यू लँडस्केप’ (1985) या पुस्तकाची वाखाणणी बहुतेक वेळा त्यातल्या चौकांसाठी आणि मोकळ्या आकाशासाठी होते. मला मात्र ते हिशेबाचं पुस्तक वाटतं, आणि त्याच्याशी भांडायचं तर हिशेबावरूनच भांडावं.

त्यातला एक हिशेब साधा आहे. आपल्या हवेत अंगण, ओटा, गच्ची या जागा वर्षाचा बराच काळ खोलीसारख्या वापरल्या जातात, म्हणून घराचं क्षेत्रफळ मोजताना त्यांनाही खोलीच्या काही अंशाइतकी किंमत द्यायला हवी. खानदेशात उन्हाळाभर धाब्यावर अंथरूण टाकणाऱ्या माणसाला हा गुणांक समजावून सांगावा लागत नाही. दुसरा हिशेब जास्त टोकदार आहे. शहराच्या एकूण जमिनीपैकी घरांखाली जाते ती साधारण एक तृतीयांश. बाकीची रस्ते, शाळा, कारखाने, मैदानं यांची. त्यामुळे इमारती दुप्पट उंच केल्या म्हणून शहराची जमीन काही निम्मी वाचत नाही, अंगण मात्र नक्की जातं.

कोरियांना हे कागदाबाहेर करून पाहायची संधी मिळाली, हे त्यांचं भाग्य. 1965 मध्ये त्यांनी प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांच्यासोबत खाडीपलीकडच्या नव्या शहराची कल्पना ‘मार्ग’मध्ये मांडली. 1970 मध्ये सिडको स्थापन झाली, 344 चौरस किलोमीटरचा प्रदेश ठरला. पुढे 1983 ते 1986 या काळात सीबीडी बेलापूरला त्यांनी ‘आर्टिस्ट्स व्हिलेज’ उभारलं. सुमारे साडेपाचशे घरं. सात घरांमध्ये आठ मीटर बाय आठ मीटरचा एक चौक, असे तीन गट मिळून मोठा चौक. प्रत्येक घर सुटं, शेजाऱ्याची भिंत सामाईक नाही. म्हणजे पैसे येतील तसं ज्याने त्याने वाढवावं, शेजाऱ्याला विचारायची गरज नको.

लोकांनी वाढवलं. इतकं, की बरीचशी मूळ कौलारू घरं आता नाहीत. जागोजाग आरसीसीचे बंगले आहेत, चौकांत गाड्या लागतात, कलाकारही बेताचेच. वास्तुकलेचे विद्यार्थी तिथे जाऊन हळहळतात. ही हळहळ मला पटत नाही. घर बदलेल हे गृहीत धरूनच तर हा आराखडा केला होता. पाहायचं असेल तर काय टिकलं ते पाहा. चौक टिकले.

हे मला धुळ्यामुळे सुचलं. 1819 नंतर कॅप्टन ब्रिग्जने पांझरेकाठी नवं धुळं आखलं, व्यापारी-कारागिरांना बोलावून घरबांधणीसाठी जागा दिल्या. त्या पेठेतलं ब्रिग्जच्या वेळचं घर आज शोधून सापडायचं नाही. पण पत्ता अजून ‘गल्ली नंबर चार’ असाच सांगितला जातो. आखणी टिकली, बांधकाम गेलं. (जळगावचं उदाहरण मुद्दाम घेत नाही. तिथे घरकुल म्हटलं की आधी 2019 चा धुळ्याच्या विशेष न्यायालयाचा निकाल आठवतो.)

आता वाशीकडे वळू. सिडकोने स्वतः बांधलेल्या तिथल्या चाळवजा इमारती काही दशकांतच धोकादायक ठरल्या. स्लॅबचे तुकडे पडू लागले, टेकू लागले. तिथे कुणाला एकट्याने काही वाढवता येत नव्हतं, त्यामुळे बदल म्हणजे सगळं पाडणं एवढाच पर्याय उरला. 2015 मध्ये राज्य सरकारने अशा इमारतींसाठी अडीच एफएसआयची वाट मोकळी केली. गळक्या छताखाली राहणाऱ्याला नवं घर मिळावं, यात वाद नाही. पण ‘शाश्वत पुनर्विकास’ म्हणून जे विकलं जातं त्यात सोलर पॅनेल असतं, पावसाचं पाणी साठवायची टाकी असते, आणि खाडीचा उल्लेखही नसतो.

खरं काम तर खाडीशी आहे. या शहराचे बरेच भाग भरतीच्या पातळीपेक्षा खाली आहेत. म्हणून सिडकोने डच धर्तीवर धारण तलाव केले. भरती आली की झडपा बंद, पावसाचं पाणी तलावात थांबतं, ओहोटीला खाडीत सोडलं जातं. फार सुंदर यंत्रणा आहे ही. आमच्या धंद्यात याला बफर म्हणतात, आणि बफर भरला की काय होतं ते कुठल्याही कनिष्ठ प्रोग्रॅमरला ठाऊक असतं. या तलावांत वर्षानुवर्षं गाळ साचला, गाळात खारफुटी उगवली, आणि खारफुटी तोडायला उच्च न्यायालयाची परवानगी लागते. ती अट रास्तच आहे, कारण खारफुटीही किनारा राखते. पण तलावाची धारणक्षमता कमी होत असताना वरची वस्ती वाढवायची, हा हिशेब कोरियांच्या कुठल्याच पानावर बसत नाही.

पुस्तकाविरुद्धची माझी मुख्य तक्रार वेगळीच आहे. नव्या शहराचं अर्थशास्त्र असं होतं: सरकारने जमीन स्वस्तात घ्यावी, विकसित करून विकावी, वाढलेल्या किमतीतून पुढचं शहर उभं राहावं. नकाशावर हे नितळ दिसतं. पण ती स्वस्त जमीन 95 गावांची होती. आगरी-कोळ्यांची भातशेती, मिठागरं, मासेमारी. जानेवारी 1984 मध्ये दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालच्या आंदोलनात जासई-दास्तान फाटा परिसरात गोळीबार झाला, पाच जण गेले. साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याचं धोरण त्यानंतरच्या संघर्षातून आलं. बेलापूरच्या चौकात भूखंड 45 ते 75 चौरस मीटरच्या आत ठेवून कोरियांनी समता सांभाळली. पण ती आत आलेल्यांमधली समता. जमीन कुणाची होती, हा प्रश्न चौकाबाहेर राहिला.

तेव्हा वाशीतला पुनर्विकासाचा प्रस्ताव वाचायचा झाला, तर मी आधी जोत्याची पातळी, जवळच्या धारण तलावातला गाळ आणि गावठाणाची हद्द पाहीन. मजल्यांची संख्या त्यानंतर.