ब्रँडन जेनिंग्ज यशस्वी झाला, पण आपण मोजलं काय?

अमेरिकेत कॉलेज अर्धवट सोडून, किंवा कॉलेजात पाऊलही न ठेवता, परदेशातल्या व्यावसायिक क्लबकडून बास्केटबॉल खेळायला जाणाऱ्या पोरांवर भरपूर लिहिलं गेलंय. त्यातलं बरंचसं एकाच साच्यातलं आहे. ब्रँडन जेनिंग्ज गेला, त्याचं भलं झालं. जेरेमी टायलर गेला, त्याचं बिनसलं. म्हणून ज्याने त्याने विचार करून ठरवावं! मग एवढं लिहिलं कशाला, असा प्रश्न मला दरवेळी पडतो. तुम्ही पेटची तयारी करत असाल किंवा सिनॉप्सिस लिहायला बसला असाल, तर या विषयाकडे मुद्दाम बघा, खेळाची आवड नसली तरी. तुलना कुठे आणि कशी फसते ते इथे अगदी उघड दिसतं.

आधी थोडी पार्श्वभूमी. एनबीएचे संघ दरवर्षी पाळीपाळीने नवे खेळाडू निवडतात, त्याला ड्राफ्ट म्हणतात. दोन फेऱ्या, साधारण ६० जागा. लेब्रॉन जेम्ससारखे खेळाडू शाळा संपवून थेट तिथे पोहोचत. २००५ च्या करारात नियम आला: ड्राफ्टच्या वर्षात वय १९ पूर्ण हवं आणि अमेरिकन खेळाडूची शाळा संपून एक हंगाम उलटलेला हवा. हे मधलं वर्ष काढायचं कुठे? कॉलेजात शिष्यवृत्ती मिळे, पगार नाही. २००८ मध्ये जेनिंग्जने अॅरिझोना विद्यापीठाऐवजी रोमचा क्लब धरला. म्हणजे ही वाट नियमातून फुटली. लेखांमध्ये मात्र कारण म्हणून पोरांचा उतावळेपणा येतो, नाहीतर आईबापांची हाव. नियम कुठेतरी तिसऱ्या परिच्छेदात.

आता मोजमापाकडे या. यश म्हणजे काय, तर ड्राफ्टमधला क्रमांक, असं बहुतेक जण धरून चालतात. जेनिंग्ज २००९ मध्ये दहावा निवडला गेला. पण रोमकडून इटालियन लीगमध्ये त्याची सरासरी सामन्याला सहा गुणांच्याही खाली होती! इमॅन्युएल मुडिए २०१४ मध्ये चीनमधल्या ग्वांगडाँगला गेला, घोट्याच्या दुखापतीमुळे मोजकेच सामने खेळला आणि तरी पुढच्या वर्षी सातवा आला. लमेलो बॉल ऑस्ट्रेलियात इलावारा हॉक्सकडून जेमतेम डझनभर सामने खेळून जखमी झाला; २०२० मध्ये तिसरा. परदेशातल्या त्या वर्षाने या तिघांना घडवलं, असं म्हणायला आधार काय? हे क्रमांक प्रामुख्याने त्यांच्या शाळेतल्या नावलौकिकाची नोंद आहेत, असं मला वाटतं. मग तेच क्रमांक 'परदेशी जाण्याचा परिणाम' म्हणून तक्त्यात मांडणं म्हणजे प्रवेशपरीक्षेतले गुण बघून कॉलेज चांगलं शिकवतं असं ठरवण्यासारखं आहे.

बॉल भावांचंच घ्या. लिअँजेलो बॉलने निलंबन चालू असताना २०१७ च्या अखेरीस यूसीएलए सोडलं. तो आणि धाकटा लमेलो लिथुआनियात एकाच क्लबकडून खेळले. घर एक, क्लब एक, मोसम एक. लिअँजेलोला २०१८ मध्ये कुणीच निवडलं नाही. लमेलोचं वर सांगितलंच. परदेशी जाणं हेच कारण धरलंत तर या दोघांचं काय कराल?

आणखी एक गफलत आहे, ती मला जास्त गंभीर वाटते. शाळा संपताच परदेशी करार करणारा आणि कॉलेजची वर्षं शिल्लक असताना ड्राफ्टमध्ये उतरून निवड न झालेला, दोघांनाही 'लवकर सोडून परदेशी गेलेले' म्हणतात. पहिल्याने वाट निवडली. दुसऱ्याला बऱ्याचदा दुसरी वाटच उरली नव्हती, कारण ड्राफ्टमध्ये राहिल्यावर कॉलेज संघात परतायचं दार बंद होई (२०१८ मध्ये नियम सैल झाला, तोही काही जणांपुरता). या दुसऱ्या गटावर कुणी कौतुकाचे लेख लिहीत नाही. युरोपातल्या दुय्यम लीगमध्ये वर्षावर्षाच्या करारांवर ही मुलं खेळतात, पदवी हातात नसते. मोजणीत ती आली की सरासरी कोसळते, वगळली की उंचावते. म्हणजे निष्कर्ष आकडेमोडीच्या आधीच ठरलेला.

मायकल मॅकॅन या कायद्याच्या अभ्यासकाचा २००४ चा 'इल्लीगल डिफेन्स' हा लेख या विषयावर वाचायलाच हवा. शाळेतून थेट एनबीएत आलेले खेळाडू सरासरीने इतर वयोगटांपेक्षा सरस ठरले, असं त्यात आहे. 'कोवळी पोरं वाया जातात म्हणून बंदी हवी' या दाव्याला तो चोख उत्तर देतो. पण तेवढ्यावरून 'लवकर गेलं की फायदा होतो' असं कुणी म्हणू लागलं तर थांबवा. थेट उडी मारणारे बहुतेक आधीच हेरलेले, निवड जवळपास पक्की असलेले होते. बाकीच्यांनी उडी मारली असती तर काय झालं असतं, ते या आकड्यांत नाही.

मग अभ्यास करायचा कसा? माझा आग्रह असा, की सुरुवात परदेशी गेलेल्यांपासून करूच नका. शाळेच्या शेवटच्या वर्षी जाहीर होणाऱ्या क्रमवारीतले पहिले शंभर खेळाडू घ्या, अशी सात-आठ वर्षं घ्या आणि प्रत्येकाचा माग काढा, मग तो कॉलेजात जावो, इटलीत जावो नाहीतर खेळ सोडो. शेजारच्या क्रमांकांवरचे, पण वेगळ्या वाटेने गेलेले खेळाडू ताडून बघा. ड्राफ्टचा क्रमांक बाजूला ठेवून तिशीपर्यंतची कमाई, खेळलेली वर्षं आणि पदवी पुरी झाली का, हे मोजा. काम कंटाळवाणं आहे. लिथुआनिया-तुर्कस्तानातल्या पगाराच्या नोंदी सहज मिळायच्या नाहीत, आणि गाइड विचारणार की तीन वर्षांत होईल का. तरी हीच माहिती हवी आहे.

नमुन्याची वर्षं निवडताना २०२१ चा जुलै ओलांडू नका, नाहीतर दोन्ही बाजू वेगळ्या मांडा. तेव्हापासून कॉलेज खेळाडूंना स्वतःच्या नावावर आणि प्रतिमेवर पैसे कमावता येतात. २०२५ पासून तर विद्यापीठंच त्यांना थेट पैसे देऊ शकतात. आता रियल माद्रिद, बार्सिलोना अशा क्लबांत तयार झालेली मुलं उलट दिशेने अमेरिकन कॉलेजांत येऊ लागली आहेत.