माहलका चंदा : गायिका आणि कवयित्री
हैदराबादच्या माहलकाबाई चंदा (१७६८–१८२४) यांस केवळ दरबारी नर्तकी म्हणणे आम्हांस अपुरे वाटते. मातेचे नाव राजकुंवर, तालीम खुशहालखानांची, भाषा उर्दू, भक्ती हजरत अलींवर. या शहराचे सारे प्रवाह त्यांच्या कलेत एकत्र आले. १७९९ मध्ये त्यांनी आपल्या दीवानाची प्रत, पुढे माळव्यात गाजलेल्या कॅप्टन माल्कमला भेट दिली. त्यांच्या गझला बहुतांशी पाच शेरांच्या असून अखेरीस अलींचे स्मरण येते. हा आटोपशीरपणा आम्ही काव्यशक्तीची उणीव मानीत नाही. मैफलीत शेवटचा शेर कोठे विसावावा, हे गळ्याने जाणणाऱ्या कवयित्रीची ती निवड दिसते. म्हणून गायन वगळून त्यांच्या काव्याचे मूल्यमापन करणे आम्हांस अन्यायाचे वाटते.